यकृतातील जंतगाठ : दुर्बीण केव्हा, मोठा छेद केव्हा

महोदय,

पित्ताशय दुर्बिणीने काढण्याची पद्धत रुळल्यापासून पोटाची कोणतीही शस्त्रक्रिया म्हटली की ‘दुर्बिणीने होईल ना?’ हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो. तो रास्त आहे. पण यकृतातील हायडॅटिड गाठीच्या बाबतीत टाके किती पडतील यावरून त्याचे उत्तर देता येत नाही. ही गाठ कर्करोगाची नव्हे. कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका पट्टकृमीची अंडी अन्नपाण्यावाटे किंवा हातांवाटे पोटात गेल्याने ती होते आणि वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढते. तिच्यातले पाणी नितळ दिसत असले तरी त्यात कृमीची सूक्ष्म डोकी आणि पुष्कळदा लहान पिल्लूगाठीही असतात. शस्त्रक्रियेत ते पोटात सांडले, तर तीव्र ॲलर्जीने रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो आणि त्यातून रुग्ण बचावला तरी काही वर्षांनी पोटात जागोजागी नव्या गाठी उद्भवू शकतात.

पद्धतींची तुलना करायची ती आधी या सांडण्यावरून. पोट उघडल्यावर गाठीभोवती २० टक्के मिठाच्या द्रावणात भिजवलेल्या पट्ट्या लावून बाकीचे पोट झाकून घेता येते. दुर्बिणीतून त्या तितक्या नीट बसत नाहीत, शिवाय पिल्लूगाठी आणि गाठीच्या आतला पांढरा पापुद्रा अडकून पाणी ओढणारी नळी तुंबते. रुंद नळ्यांनी ही अडचण बरीच कमी झाली आहे. उलट, रिकाम्या झालेल्या पोकळीत दुर्बीण आत घालून कोपऱ्यात दडलेली पिल्लूगाठ किंवा पित्त झिरपणारे छिद्र पाहता येते, ही तिची मोठी जमेची बाजू. वेदना कमी आणि घरी लवकर, हे फायदे तर आहेतच.

मात्र ‘दुर्बिणीने गाठ पुन्हा होण्याचे प्रमाण कमी’ अशी आकडेवारी जपून वाचावी. यकृताच्या पृष्ठभागावरील, हाताशी येणाऱ्या गाठी दुर्बिणीसाठी निवडल्या जातात, तर खोलवरच्या, महाशिरेलगतच्या, अनेक किंवा दुसऱ्यांदा झालेल्या गाठी उघड्या शस्त्रक्रियेच्या वाट्याला येतात. मग निकालातला फरक पद्धतीचा की गाठीचा, हे सांगणे अवघड. त्यातच गाठ पुन्हा दिसायला वर्षे लागत असल्याने वर्षभराच्या पाठपुराव्यावर फारसे विसंबता येत नाही.

प्रत्येक गाठीला शस्त्रक्रिया लागतेच असेही नाही. सोनोग्राफीत निष्क्रिय दिसणाऱ्या गाठीवर नुसते लक्ष ठेवले जाते, लहान गाठींना अल्बेंडाझोलच्या गोळ्या पुरतात, तर काहींमधले पाणी सुईने काढता येते. शस्त्रक्रिया ठरल्यास त्या गोळ्या आधी आणि नंतरही घ्याव्या लागतात. घरी गेल्यावर त्या मध्येच सोडणारे रुग्ण कमी नाहीत.

दुर्बिणीने सुरू केलेल्या शस्त्रक्रियेत मध्येच पोट उघडावे लागले, तर ते शल्यचिकित्सकाचे अपयश समजू नये. ही शक्यता संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वीच रुग्णाला स्पष्ट सांगितलेली असावी.

आपला विश्वासू,
एक शल्यचिकित्सक