शिकवण्याचं काम घ्यावं की नको

प्रिय सई,

काल फोनवर तू म्हणालीस, "आठवड्यातून दोन दिवस शिकवायला बोलावलंय, पण लोक म्हणतील हिला चित्रांची कामं मिळेनात." तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आपल्या कोल्हापूरचे चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर आठव. १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून गेले, तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. नोकरीच्या त्याच काळात पोस्टकार्डं, पोस्टरं, पुस्तकांतली चित्रं त्यांच्या हातून उतरत होती. त्यांची लेक अंबिकाही तिथेच शिकून चित्रकार झाली. या माणसाला अर्धवेळ चित्रकार म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

माझंच सांगते. सातवीच्या वर्गाला मी रंकाळ्यावरच्या म्हशी काढायला दिल्या होत्या. सगळ्यांनी चार पाय, शेपूट, शिंगं अशी अख्खी म्हैस काढली. एका पोराने मात्र पाण्याची एक आडवी रेघ ओढली, तिच्यावर पाठीचा काळा उंचवटा आणि दोन शिंगं. बस्स. मी त्याला विचारलं, "बाकीची म्हैस कुठाय?" तो म्हणाला, "पाण्यात हाय की, बाई." इतकी वर्षं रोज तळ्यावरून जात होते गं मी, आणि मलाही ठाऊक असलेली म्हैसच दिसत होती, समोरची नव्हे. पुढच्याच महिन्यात एका गोष्टीच्या पुस्तकासाठी पुराचं चित्र काढायचं होतं. त्यात मी घरं काढलीच नाहीत, फक्त कौलं काढली. ते चित्र त्या पोराचं देणं आहे.

पैशाचंही बोलायला हवं. दिवाळी अंकांची कामं आषाढ-श्रावणात एकदम अंगावर येतात, मानधन मात्र अंक विकले गेल्यावर, कधी पार संक्रांतीनंतर. मधल्या महिन्यांत घरभाड्यासाठी वाटेल ते काम घ्यावं लागलं की हात बिघडतो. मी काढलेत तसे दिवस. शाळेचा पगार थोडा होता, पण त्याच्या जोरावर मला नको त्या कामाला नाही म्हणता आलं.

आणि करार लेखी कर, कितीही ओळखीचा माणूस असो. माझं एक मुखपृष्ठ मला न विचारता दुसऱ्या पुस्तकावर छापलं गेलं. भांडायला गेले तर हातात कागदच नव्हता. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कुणी पैसे देऊन रंगचित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क त्या काढून घेणाऱ्याचा धरतात. हे मला फार उशिरा कळलं. चित्र कशासाठी, किती आवृत्त्यांसाठी, मूळ चित्र परत कधी, सगळं आधीच लिहून घे. आगाऊ रक्कम मागायला लाजू नकोस.

फक्त सकाळ कुणाला देऊ नकोस. त्यांना दुपारचे तास माग. नाहीच म्हणाले, तर दोनऐवजी एकच दिवस घे. तपासायच्या वह्या घरी आणायच्या नाहीत, हेही पहिल्याच दिवशी सांग. मी सांगितलं नव्हतं, आणि आपल्या जेवणाच्या टेबलावर वह्यांचे ढीग असायचे ते तुला आठवत असतील.

तासांचा तक्ता मिळाला की फोटो काढून पाठव. बाबांनी तुझ्यासाठी हातकागदाचा गठ्ठा आणून ठेवलाय, येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी,
आई