मॅडम, टार्सियरबद्दल आभार

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मला नेमका टार्सियरच विचारला, तो आग्नेय आशियातला मोठ्या डोळ्यांचा चिमुकला प्रायमेट (माकडं आणि माणूस ज्या गणात येतात त्यातलाच), आणि मी सुटले. समोर येऊन आभार मानले असते तर "बरं बरं, पुढचं वाच" म्हणून तुम्ही वाटेला लावलं असतं, म्हणून हे सगळ्यांदेखत.

आमच्या नोट्समध्ये लेमूर, लॉरिस आणि टार्सियर एकाच चौकटीत कोंबलेले असायचे: प्रोसिमियन, म्हणजे माकडांहून जुन्या घडणीचे प्रायमेट. पाठ करायला सोपं. तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत. विभागातली लॉरिसची जुनी कवटी आणि भिंग हातात देऊन म्हणालात, "खालचे पुढचे दात बघ." पटाशीचे चार आणि दोन्ही बाजूंचे सुळे, सहाही पुढे आडवे झुकलेले, एकमेकांना चिकटून बारीक फणी झालेली. लॉरिस तिनेच अंग विंचरतो. बहुतेक लेमूरांचंही तसंच. टार्सियरकडे ही फणी नाही. त्याचं नाकही लेमूर-लॉरिससारखं ओलसर नाही, आपल्यासारखं कोरडं. 'क' जीवनसत्त्वसुद्धा तो आपल्यासारखाच शरीरात बनवू शकत नाही. आणि रात्री हिंडत असूनही डोळ्यामागे उजेड परतवणारा थर नाही! त्याचे पूर्वज दिवसा वावरत असावेत; मग पुन्हा रात्रीकडे वळताना डोळेच वाढले, एकेक जवळजवळ मेंदूएवढा.

प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकने १९१८ मध्येच टार्सियरला माकडांच्या आणि आपल्या बाजूला बसवलं होतं. गाइडवाल्यांना अजून पत्ता नाही, ते सोडा. "जुनी लक्षणं कुणाकडेही उरतात, नातं नव्या लक्षणांवरून जुळवायचं," हे तुमचं वाक्य मी व्हायवात जसंच्या तसं टाकलं.

सगळ्यात जास्त आभार मात्र वस्तानच्या खाणीसाठी. आद्य प्रायमेट म्हणजे मादागास्कर, एवढीच आमची धाव. सुरत जिल्ह्यातल्या या लिग्नाइटच्या खाणीत सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या मार्कगोडिनोशियस, एशियाडॅपिस अशा प्रायमेटांचे जीवाश्म सापडलेत, हे आमच्या गावीही नव्हतं. तिथल्या हातापायांच्या हाडांवरचा २०१६ चा शोधनिबंध तुम्ही ओळ न् ओळ वाचून घेतलात. दातांवरून तिथल्या प्रायमेटांचा एक गट (मार्कगोडिनोशियस, एशियाडॅपिस त्यातलेच) लेमूर-लॉरिसच्या बाजूचा, दुसरा टार्सियरच्या. हाडं मात्र दोघांची इतकी सारखी, की फाटा फुटून फार काळ लोटला नसावा. एवढीशी हाडं, पण वंशवृक्षाच्या तक्त्यातली ती फाट्याची रेघ मला पहिल्यांदा खरी वाटली.

तुमची आकृत्यांची वही अजून माझ्याकडेच आहे. ज्युनियर मागतायत, झेरॉक्स दिली तर चालेल ना?

तुमची विद्यार्थिनी