टायटरवरून तू भांडली होतीस ते

प्रिय मंदा,

दिवाळीपासून माझं पत्र नाही, तुझ्या शिव्या पोचल्या. तब्येत बरी, गुडघा कुरकुरतोय. हे तुलाच लिहिते, कारण घरी सांगितलं तर "मग लस घ्या की" म्हणून सगळे टीव्हीकडे वळतात.

आमच्या नर्सिंगच्या सेकंड इयरच्या एका मुलीला सुई टोचली. रक्त घेऊन झाल्यावर कॅप लावत होती, दोन्ही हातांनी. पेशंट एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बी. आणि बाईसाहेब बोलल्या तिसऱ्या दिवशी!

अगं, हीच तोंडी परीक्षेत धडाधड म्हणाली होती: लस 0, 1, 6 महिन्यांनी, दंडात 1 मिली, विषाणू वाळलेल्या रक्तातही 7 दिवस टिकतो, लस नसेल तर एका टोचणीतून लागण 6 ते 30 टक्के, एचआयव्हीची 0.3. पैकीच्या पैकी मार्क. पण हात पाठांतराचं ऐकत नाही, सीनियर सिस्टरचं बघून शिकतो. वापरलेल्या सुयांचा पांढरा डबा वॉर्डाच्या दाराशी, पेशंट पार खिडकीशी. उघडी सुई घेऊन तेवढं चालायचं कसं, म्हणून कॅप. डबा ट्रॉलीवरच हवा, सुई जिथे वापरली तिथेच टाकायची. कॅप लावणं अगदी अडलंच तर ती ट्रेमध्ये आडवी ठेवून एका हाताने सुई आत सरकवायची, दुसरा हात पाठीमागे. आणि पाऊण भरला की डबा बंद! आमचा देवळातल्या दानपेटीसारखा भरतो, मग वरच्या सुया बोटांना भेटायला येतात.

टोचल्यावर तिने काय केलं? बोट पिळलं, वर स्पिरिट ओतलं. पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट, हायपो (हायपोक्लोराइटचं जंतुनाशक) काही नको. वाहतं पाणी आणि साबण. (हायपोवरून आपलं बोलणं बंद झालं होतं, आठवतं? अजूनही मीच बरोबर: 5 टक्क्यांच्या एका भागाला चार भाग पाणी, तेव्हा 1 टक्का होतो, रोज ताजं करायचं. सांडलेल्या रक्तावर 10 मिनिटं राहू द्यायचं. मुली ओततात न् लगेच पुसतात.)

खरी गोम फाइलीत होती. "लसीकरण पूर्ण" अशी टिक, प्रत्यक्षात डोस दोनच. तिसरा उन्हाळी सुट्टीत आला, मुलगी गावी, कुणी विचारलंच नाही. टायटर, म्हणजे लसीने रक्तात प्रतिपिंडं किती तयार झाली त्याची तपासणी, तर बॅचमध्ये एकीचीही नाही. तू तेव्हा टेबलावर हात आपटून म्हणाली होतीस की तिसऱ्या डोसनंतर 1 ते 2 महिन्यांनी टायटर करा, 10 च्या वर आलं तरच मुलीला वॉर्डात पाठवा, कमी आलं तर पुन्हा तीन डोस. मी खर्चाचं रडगाणं गायले. घे, हरले.

आता तिला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन दिलं, किलोला 0.06 मिली, 55 किलोला 3.3. खरं तर 24 तासांत द्यायचं असतं. 7 दिवसांच्या आत म्हणून निभावलं. राहिलेला डोस त्याच दिवशी, पण वेगळ्या जागी. पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, हे आमच्या ऑफिसला पटवायला अर्धा तास गेला. टायटर मात्र लगेच करायचं नाही, इम्युनोग्लोब्युलिनची उसनी प्रतिपिंडं दिसतील आणि सगळे पेढे वाटतील. सहा महिने थांबायचं. पेशंटचा एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी निगेटिव्ह, तेवढं नशीब.

डोस, डबा, टायटर हे सगळं निस्तरता येतं गं. ते तीन दिवस डोक्यातून जात नाहीत. "बाई ओरडतील, ड्युटी लावतील" म्हणून गप्प बसली. तिला दोष कसा देऊ? सुई टोचली की आपण पहिला प्रश्न "कॅप का लावलीस" हाच विचारतो. "कधी टोचली, पेशंट कोण" हे नंतर.

तुझ्या सुनेचे दिवस भरत आले ना? बाळाला या लसीचा जन्माचा डोस 24 तासांत, नर्सला आठवण करायला लाजू नकोस. फ्लॅटचं काय झालं? यजमानांची शुगर?

तुमच्याकडचा प्रिक रजिस्टरचा (सुई टोचल्याच्या नोंदवहीचा) नमुना पाठव, तो मुलीचं नाव न लिहिता कोड नंबर टाकायचा. सोमवारी बैठक आहे, त्याआधी हवा.

तुझी,
कुंदा