रक्तदाबाचे मूळ मूत्रपिंडातही

संपादक महोदय,

रक्तदाब वाढला की आपल्याकडे सारा दोष ताणतणावाला दिला जातो. मूत्रपिंडाकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. वस्तुतः गाळलेल्या मिठापैकी किती रक्तात परत घ्यायचे आणि किती लघवीवाटे सोडायचे, हे मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका ठरवतात, आणि त्यांतील सोडियमच्या वाहिन्या (मिठातील सोडियम पेशींत घेणारे सूक्ष्म मार्ग) घडवणारी जनुके आपल्याला आईवडिलांकडून मिळतात. अमेरिकी डॉक्टर ग्रँट लिडल यांनी १९६३ मध्ये वर्णन केलेल्या दुर्मीळ आनुवंशिक विकारात या वाहिन्या गरजेपेक्षा अधिक संख्येने टिकून राहतात, मीठ व पाणी शरीरात साचते आणि तरुणपणीच रक्तदाब चढतो; अशा एका रुग्णाचा रक्तदाब मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर उतरला, ही बाब पुरेशी बोलकी आहे. सर्रास आढळणाऱ्या उच्च रक्तदाबात अर्थात एकच जनुक दोषी नसते, अनेकांचे लहान परिणाम एकत्र येतात. आमच्या घरी तीन पिढ्या गोळ्या घेत आहेत, तरी खर्डा आणि लोणचे सुटत नाही (तांबड्या रश्श्याचे तर बोलायलाच नको). कोल्हापुरातील तपासणी शिबिरांत रक्तदाब मोजतानाच घराण्याचा इतिहास विचारावा आणि लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य) यांचीही तपासणी व्हावी, अशी विनंती आहे.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर