गुन्हा नाही, तरी ठाण्यात हजर : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शेजाऱ्याच्या तक्रार अर्जावरून केली जाणारी तोंडी बोलावणी आणि ‘गैरअर्जदारा’चे, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याचे, हक्क.

महोदय,

दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी मला अनोळखी मोबाइल क्रमांकावरून फोन आला. “पोलीस ठाण्यातून बोलतोय. तुमच्याविरुद्ध अर्ज आलाय. संध्याकाळी साहेब असतात, येऊन जा. आईंनाही घेऊन या,” असे पलीकडून सांगण्यात आले. अर्ज कोणाचा, कशाबद्दल, असे विचारल्यावर “आल्यावर कळेल” एवढेच उत्तर मिळाले. वरच्या मजल्यावरून आमच्या छतात पाणी झिरपते, त्यावरून आठवडाभरापूर्वी जिन्यात शेजाऱ्यांशी माझी बाचाबाची झाली होती आणि मध्ये पडलेल्या आईचाही आवाज चढला होता. अर्ज त्याचाच असणार, हे मी मनाशी ताडले. माझी आई ७१ वर्षांची आहे. ठाण्याच्या पाच पायऱ्या ती माझा खांदा धरून एकेक करून चढली आणि औषधांची पिशवी मांडीवर घेऊन पावणेदोन तास लाकडी बाकावर बसून राहिली.

आमची पाळी आली तेव्हा टेबलावरचा अर्ज आमच्यासमोर दुरूनच धरण्यात आला. त्यात शेजारी ‘अर्जदार’ होते, मी ‘गैरअर्जदार क्र. १’ आणि आई ‘गैरअर्जदार क्र. २’. “गैरअर्जदार म्हणजे रे काय?” असे तिने मला हळूच विचारले. मग संगणकावर आमचे जबाब टाइप झाले. माझ्या जबाबाच्या शेवटी “यापुढे माझ्याकडून असे वर्तन होणार नाही” असे वाक्य होते. मी ते उच्चारलेले नव्हते. तसे सांगितल्यावर अंमलदार म्हणाले, “हे सगळ्यांच्याच जबाबात असतं. सही करा, विषय संपला. नाहीतर चॅप्टर केस करावी लागेल.” चॅप्टर केस म्हणजे शांतता राखण्याचे बंधपत्र घेण्याची कारवाई. आई दमली होती. मी सही केली.

त्या अंमलदारांविरुद्ध माझी वैयक्तिक तक्रार नाही, म्हणून ठाण्याचे नावही मी येथे लिहीत नाही. ते अरेरावीने बोलले नाहीत, आईला त्यांनी पाणी विचारले, आणि त्यांच्या टेबलावर तसल्याच अर्जांचा गठ्ठा पडलेला मी पाहिला. वाहन कोठे लावले, कचरा कोणी टाकला, पाणी कोठून गळते, अशी भांडणे दिवसभर ऐकणाऱ्या माणसाला दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून समज देणे हाच सोपा मार्ग वाटत असेल, तर ते मी समजू शकतो. पुष्कळ भांडणे त्यामुळे मिटतही असतील. परंतु घरी परतल्यावर मी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीचा नवा कायदा, काढून वाचली, आणि एक प्रश्न माझा पाठलाग सोडेना. आम्हाला कोणत्या कलमाखाली बोलावले होते?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेत एखाद्याला ठाण्यात बोलावण्याचे मुख्य मार्ग मोजकेच आहेत. पहिला मार्ग कलम १७९ चा. गुन्ह्याचा तपास करणारा अधिकारी, प्रकरणाची माहिती असलेल्या व्यक्तीला हजर राहण्यास सांगू शकतो, पण लेखी आदेशानेच. त्या कलमाच्या परंतुकानुसार, म्हणजे त्यातील अपवादानुसार, १५ वर्षांखालील मुलगा, ६० वर्षांवरील पुरुष, कोणत्याही वयाची स्त्री, शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या दिव्यांग व्यक्ती आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना त्यांच्या राहत्या घराखेरीज अन्यत्र हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. ते आपण होऊन ठाण्यात येण्यास तयार असतील, तर गोष्ट वेगळी. माझी आई स्त्री म्हणून यांत बसते. दुसरा मार्ग कलम ३५(३) चा, म्हणजे दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याचा वाजवी संशय असून अटकेची गरज नसेल तेव्हा द्यायच्या नोटिशीचा. ती नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये सर्व राज्यांना बजावले आहे. जेथे व्हॉट्सअ‍ॅपवरची लेखी नोटीस चालत नाही, तेथे “येऊन जा” हा फोन कोणत्या न्यायाने चालतो?

यावर खात्याचे उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते मला तोंडी मिळालेले आहे. ही फक्त ‘अर्ज चौकशी’ आहे, तपास नव्हे, त्यामुळे ही कलमे येथे लागूच होत नाहीत, असे ते उत्तर आहे. महोदय, माझे सगळे म्हणणे या एका उत्तरापाशी येऊन थांबते. किरकोळ मारहाण, शिवीगाळ आणि धमकी, म्हणजे जुन्या दंड संहितेतील ३२३, ५०४, ५०६ हे त्रिकूट, नव्या न्याय संहितेत अनुक्रमे ११५(२), ३५२ आणि ३५१(२) या कलमांत आले आहे आणि सुरक्षा संहितेच्या पहिल्या परिशिष्टानुसार ते अदखलपात्र आहे. अशा प्रकरणात सुरक्षा संहितेचे कलम १७४ पोलिसांना मुख्यतः दोन कामे सांगते : खबर नोंदवून घेणे, म्हणजे आपल्या बोलीत एन. सी. करणे, आणि खबर देणाऱ्याला दंडाधिकाऱ्यांकडे जाण्यास सांगणे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, परंतु सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यांत १४ दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सोय कलम १७३(३) मध्ये आहे, पण तिच्यासाठीही उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. जिन्यातली बाचाबाची या चौकटीत कोठेच बसत नाही. आणि तपास नसेल, तर तपासाच्या अधिकारात मिळणारी सक्तीही नसते. त्या संध्याकाळी आम्ही गेलो नसतो, तरी कायद्याच्या दृष्टीने आमच्याकडून काहीही चुकले नसते. हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि फोनवरच्या स्वरातून तसे सुचलेही नाही.

यातून एक विचित्र अवस्था निर्माण झाली आहे. गंभीर गुन्ह्यातील संशयिताला लेखी नोटीस मिळते. तपासात त्याने दिलेल्या जबाबावर त्याची सही घेण्यास कलम १८१ मनाई करते, आणि पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मुळे त्याच्याविरुद्ध सिद्ध करता येत नाही. त्याला अटक झालीच, तर अटकेची कारणे सांगावी लागतात, नातेवाइकांना कळवावे लागते, २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते, आणि कलम ३८ नुसार चौकशीदरम्यान, संपूर्ण वेळ नसला तरी, आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता येते. ज्याच्यावर कोणताही गुन्हा नाही, त्या गैरअर्जदाराच्या हाती मात्र यांतले बहुतेक काहीच पडत नाही, कारण त्याचे प्रकरण संहितेच्या पानांवर मुळी अस्तित्वातच नाही. त्याच्याकडून सही घेतली जाते, आणि “यापुढे असे वर्तन होणार नाही” हे वाक्य, म्हणजे आधी तसे वर्तन झाले होते याची कबुली, त्याच्या नावाने कागदावर राहते.

आता चॅप्टर केसबद्दल. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १०७ म्हणजे आताच्या सुरक्षा संहितेचे १२६. शांततेचा भंग होण्याचा संभव असेल तेथे जास्तीत जास्त एक वर्षासाठी बंधपत्र का घेऊ नये, याची कारणे दाखवण्यास सांगण्याचा हा अधिकार आहे, आणि तो कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आहे, ठाण्यातल्या टेबलाचा नव्हे. त्यांनाही मिळालेल्या माहितीचा सारांश नमूद करून लेखी आदेश काढावा लागतो आणि ज्याच्याविरुद्ध आदेश आहे त्याचे ऐकून घ्यावे लागते. पोलीस आयुक्तालयांच्या क्षेत्रात हे अधिकार खात्यातीलच वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे असल्यामुळे सामान्य माणसाला दोन्ही गोष्टी एकच वाटतात, हे खरे. म्हणूनच सहीसाठी म्हटलेले “नाहीतर चॅप्टर करावी लागेल” हे वाक्य त्याला कायद्याची माहिती वाटत नाही, धमकी वाटते.

आणखी एक गोष्ट, जी राजकारणात असलेल्या प्रत्येकाने आवर्जून लक्षात ठेवावी असे मला वाटते. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ नये, हा संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मधील हक्क न्यायालयाच्या पिंजऱ्यापासून नव्हे, पोलिसांच्या प्रश्नांपासूनच सुरू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितले. ते प्रकरण ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांचे होते. पोलिसांच्या लेखी प्रश्नावलीला उत्तरे देण्यास त्यांनी नकार दिला म्हणून त्यांच्यावरच खटला भरण्यात आला होता. आपल्यावर गुन्हा शाबीत होऊ शकेल अशा प्रश्नाला उत्तर न देण्याची मुभा आजही कलम १८०(२) मध्ये आहे. बाकी प्रश्नांची उत्तरे मात्र खरीच द्यावी लागतात, आणि ते योग्यच आहे. माजी मुख्यमंत्र्यांना जे माहीत होते, ते ठाण्याच्या बाकावर बसलेल्या म्हातारीला कोण सांगणार?

माझ्या लिहिण्याचा अर्थ असा होऊ नये की शेजाऱ्यांच्या तक्रारींकडे पोलिसांनी पाठ फिरवावी. भिंतीपलीकडून एखाद्या बाईचा किंवा लेकराचा आक्रोश ऐकून शेजाऱ्याने केलेला फोन कोणाचा तरी जीव वाचवतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच तो नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच स्पष्ट झाले आहे. तक्रारदाराचा तो हक्क अबाधित राहिलाच पाहिजे. मी बोलतो आहे ते, ज्या अर्जांत असा गुन्हा दिसतच नाही त्यांविषयी. आमच्या छतातून पाणी अजूनही गळते आहे. त्याचा निवाडा दिवाणी न्यायालयाचा विषय आहे, आणि माझ्या सहीने ते पाणी थांबलेले नाही.

या अर्जांसाठी आपल्या खात्याने एक साधे परिपत्रक काढावे, एवढी माझी विनंती आहे. फोन करण्याआधी किंवा फोनसोबत एक लेखी चिठ्ठी जावी. अर्जाचा क्रमांक, आरोपाचे चार ओळींत स्वरूप, प्रकरण दखलपात्र आहे की अदखलपात्र, बोलावलेली व्यक्ती कोणत्या नात्याने बोलावली आहे, अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा, आणि येणे ऐच्छिक आहे की बंधनकारक, हे तिच्यावर असावे. यातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो लिहिताना कलम लिहावे लागेल, आणि कलम सापडले नाही तर ‘ऐच्छिक’ हा शब्द लिहावा लागेल. स्त्रिया आणि साठी ओलांडलेली माणसे यांना कलम १७९ चे संरक्षण अर्ज चौकशीतही द्यावे. जबाब घेण्यापूर्वी अर्जाची प्रत हातात मिळावी, जबाबात माणसाने उच्चारलेली वाक्येच असावीत, आणि सही घ्यायचीच असेल तर त्याच वेळी जबाबाची प्रतही द्यावी. वकील सोबत असावा असे कोणी म्हटले, तर “वकील कशाला, काही केलंय का?” हा प्रश्न ठाण्यातून कायमचा हद्दपार व्हावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न न पाहता, मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. त्यासाठीचा १५१०० हा क्रमांक ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर, बसलेल्या माणसाला वाचता येईल अशा अक्षरांत लावला, तर त्याला फारसा खर्च येणार नाही.

परमवीर सिंग सैनी प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या निर्देशांनुसार प्रत्येक ठाण्यात चित्रीकरण आणि ध्वनिमुद्रण करणारे कॅमेरे असणे, आणि ते चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष, जपणे अपेक्षित आहे. म्हणजे माझ्या जबाबातले ते शेवटचे वाक्य मी उच्चारले होते की नाही, हे आज तपासता आले पाहिजे. जबाबाची प्रत मी त्याच संध्याकाळी मागितली होती. अर्ज निकाली निघाल्यावर या, असे मला सांगण्यात आले. त्यानंतर दोनदा जाऊन आलो. अर्ज प्रलंबित आहे, आणि आईचे नाव अजून त्या कागदावर ‘गैरअर्जदार क्र. २’ म्हणून आहे.

आपला विश्वासू,
गैरअर्जदार क्र. १