माझा शेअर

एक्झिटर, इंग्लंड,
रविवार दुपार

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमचा मेसेज येऊन आज नऊ दिवस झाले. "दादा वाटणीपत्राचं काढतोय. तुझा शेअर ठेवायचा की हक्कसोड करतेस? वकिलांना कळवायचंय." एवढंच. त्याखाली आईचा आवाज: "अगं, निळी खूण झाली म्हणजे वाचलंयस. मग बोलत का नाहीस?"

बोलत नव्हते कारण त्या एका शब्दापाशीच अडकले होते. बाबा, तुम्ही आयुष्यभर हिस्सा म्हणत आलात, वाटा म्हणत आलात. सातबाऱ्यापासून देवळाच्या वर्गणीपर्यंत. आणि नेमकं मला लिहिताना 'शेअर' लिहिलंत. मी खूप विचार केला आणि मला असं वाटतं की 'वाटा' हा शब्द तुमच्या बोटांतून उतरला नाही. आपल्याकडे लेकीनं वाटा मागितला म्हणतात तेव्हा म्हणणाऱ्याचं नाक जरासं वर जातं. शेअर म्हटलं की तेवढं टोचत नाही. चहात बुडवलेल्या खारीसारखं मऊ होतं सगळं.

गंमत अशी की मुळात हा शब्द अजिबात मऊ नाही. मी ग्रंथालयात काम करते, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत मोठा शब्दकोश काढून बसणं फुकट असतं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत याचं रूप होतं 'शेआरू', आणि अर्थ होता कापणं. मेंढीची लोकर कातरतात ते, साधूच्या डोक्याचा गोट करतात तेही. नांगराच्या फाळाला अजूनही इंग्रजीत प्लाउशेअर म्हणतात, तो याचा सख्खा भाऊ. शर्ट, स्कर्ट, शॉर्ट हे सगळे याच घराण्यातले, कापून आखूड केलेले. आणि आई, तुझ्या शिलाई मशीनच्या खणातली कात्री आहे ना, तीही लांबची बहीण लागते. कात्री संस्कृतातल्या 'कर्तरी'वरून आली, आणि तिचा 'कृत्' धातू व हा शेअर एकाच पुरातन मुळाचे. म्हणजे बाबांनी मला विचारलं ते असं: तुझी कात्री चालवायची का?

इथून आगगाडीनं थोडं गेलं की क्रेडिटन नावाचं गाव लागतं. मागच्या महिन्यात तिथे गेले होते. लाल माती, थेट आपल्या वरच्या शिवारासारखी, फक्त ओली. तिथे एका भागाचं नाव 'लँडस्कोर' आहे. मला वाटलं, स्कोर म्हणजे क्रिकेटबिकेटचं काही असेल. घरी येऊन शोधलं तर तो जुना 'लँडशेआरू'. जमीन कापणारी रेघ. इथल्या डेव्हन परगण्याच्या बोलीत हा शब्द कितीतरी वर्षं दोन शेतांमधल्या पट्टीसाठी चालत आला. बाबा, सरळ सांगायचं तर शेअर म्हणजे बांध.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटलं आणि तात्यांचा बांध आठवून एकटीच हसले. त्यावर पुढे येते.

आधी एक राजाची गोष्ट सांगते, कारण ती मला फार आवडली. 'बेओवुल्फ' म्हणून एक जुनं इंग्रजी काव्य आहे, त्याची एकच हस्तलिखित प्रत उरलीय, लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे, हजारेक वर्षांची. त्यात ह्रोथगार नावाचा राजा मोठा थोरला वाडा बांधतो आणि ठरवतो की देवानं जे जे दिलं ते इथे बसून लहानथोरांना वाटून टाकायचं. सगळं. दोनच गोष्टी सोडून: माणसांचे जीव आणि 'फोल्कशेआरू'. म्हणजे लोकांची सामाईक जमीन. मी ती ओळ दोनदा वाचली. शेअर हा शब्द तिथे आहे, पण वाटायच्या वस्तूला नाही, जी वाटायची नाही तिला आहे! आणि वाटायला कोणतं क्रियापद आहे? आजचा 'डील'. पत्ते पिसून झाल्यावर आपण वाटतो, त्यालाही इंग्रजीत डीलच म्हणतात. आता डील म्हटलं की मोबाइलच्या दुकानातली सूट डोळ्यांसमोर येते आणि शेअर म्हटलं की वाटून खाणं. दोघांनी मधल्या हजार वर्षांत कपडे बदललेत.

आपलाही शब्द काही कमी नाही म्हणा. आई चटणी वाटते, पेढे वाटते आणि तिला वाटतं की मी जेवत नाही. तीन वेगळी क्रियापदं, कानाला एकच. इथल्या माझ्या मैत्रिणीला हे समजावताना माझी दमछाक झाली.

मग या शब्दात पैसा शिरला. आधी नाटकात बघा. शेक्सपिअर नुसता लिहून मोकळा होत नव्हता, तो कंपनीतला 'शेअरर' होता, आपल्या जुन्या संगीत नाटक मंडळ्यांत भागीदार असायचे तसा. १५९९ साली ग्लोब थिएटर उभं राहिलं तेव्हा त्याचा त्यात दहावा हिस्सा होता. मग जहाजांच्या कंपन्या आल्या, आणि कापलेला तुकडा डोळ्यांना दिसेनासा झाला. शेताचा वाटा पायांनी मोजता येतो. कंपनीचा वाटा म्हणजे एक कागद, आणि आता तर कागदही नाही.

मराठीत हा शब्द याच दारानं आला, मुंबईतून. बाबा, तुम्ही मला राजाबाई टॉवर दाखवला होता, आठवतं? तो ज्यांच्या देणगीतून झाला आणि ज्यांच्या आईचं नाव त्याला आहे, ते प्रेमचंद रायचंद त्या वेळच्या शेअरच्या वेडाचे मोठे मोहरे. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला, विलायतेतल्या गिरण्या आपल्या कापसावर तुटून पडल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र बुजवायच्या कंपन्यांचेसुद्धा शेअर निघाले. अजून जमीन वर आलेली नाही, पण तिचे तुकडे विकून झालेत! १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. दलालांनी आपली रीतसर संस्था काढली ती त्यानंतर, १८७५ मध्ये.

पण मला चटका लावला तो दुसऱ्या टोकानं. तेच युद्ध संपल्यावर अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम मुक्त झाले. जमीन मात्र मालकाचीच राहिली. मग ती निम्म्या वाट्यानं कसायची, आपल्याकडे अर्धेलीनं करतात तशी, आणि बी-बियाणं, पीठमीठ मालकाच्याच दुकानातून उधार घ्यायचं. हिशेब मालकाच्याच वहीत. त्यांना म्हणायचे 'शेअरक्रॉपर'. एकाच युद्धानं, एकाच कापसानं, मुंबईच्या शेठला शेअर दिला आणि अलाबामाच्या मजुरालाही शेअर दिला. शब्द तोच.

आता पाचगणी. बाबा, ही गोष्ट मी आईकडून इतक्या वेळा ऐकलीय की मला तीही आपलीच शेती वाटते.

१९८३ साली कंपनीनं तुम्हाला पाच दिवस पाचगणीच्या शिबिराला पाठवलं. एशिया प्लॅटोला. सकाळी उठून वही घेऊन गप्प बसायचं, मनात येईल ते लिहायचं, आणि मग चारचौघांत उभं राहून सांगायचं. त्याला ते लोक 'शेअरिंग' म्हणत. आमच्या घरात हा शब्द तेव्हा आला, मोबाइल यायच्या कितीतरी आधी. मला आत्ता कळलं की तो तिथे कसा पोचला. फ्रँक बुकमन नावाच्या अमेरिकन धर्मोपदेशकानं ऑक्सफर्ड ग्रुप म्हणून एक चळवळ चालवली होती. आपली चूक दुसऱ्यासमोर बोलून दाखवायची, याला त्यांनी शेअर हा शब्द वापरला. १९३८ मध्ये त्या चळवळीनं 'मॉरल री-आर्ममेंट', म्हणजे नैतिक पुनःशस्त्रीकरण, असं नवं नाव घेतलं, आणि पाचगणीचं केंद्र त्याच वेलीवरचं. दारू सोडणाऱ्यांचे जे गट असतात, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, तेही १९३५ ला अमेरिकेत अॅक्रनमध्ये याच मंडळींच्या सावलीत जन्मले. तिथेही 'शेअर' म्हणजे उभं राहून स्वतःचं सांगणं. कापून देण्याचा शब्द बोलून देण्याचा झाला तो त्या खोल्यांतून. आज पोरं 'फीलिंग शेअर कर' म्हणतात त्याला निम्मे तरी हे लोक कारणीभूत आहेत.

तर तुम्ही पाचव्या दिवशी उभे राहिलात आणि म्हणालात की मी दर पावसाळ्याआधी थोरल्या भावाचा बांध वीतभर कोरतो. एसटीनं वाईला उतरलात, घरी न येता परभारे तात्यांच्या ओसरीवर गेलात. तात्या पान लावत होते. तुम्ही सगळं सांगितलंत. तात्यांनी चुना पुसला आणि म्हणाले, "तरीच! मी म्हणतोय, मी तर एकाच बाजूनं कोरतोय, मग बांध एवढा बारीक झालाच कसा?"

दुसऱ्या दिवशी दोघांनी दोरी धरली, हद्दीचा दगड उकरून पुन्हा बसवला. त्या बांधावर आता बैलगाडी जाईल एवढी जागा आहे.

हे सगळं सांगायचं कारण असं की त्या ओसरीवर आत्या नव्हती.

मी नऊ वर्षांची होते, आजोबा गेल्यावरची गोष्ट. निबंधकाच्या कचेरीत बाकावर मला बसवलं होतं, हातात बर्फीचा पुडा. आत्यानं हक्कसोडपत्रावर सही केली. पेन चालेना, तिनं दोनदा झटकलं, तिच्या पदरावर शाईचे तीन ठिपके उडाले. बाहेर येऊन आईनं तिला साडीचोळी दिली. आत्या म्हणाली, "वयनी, याची काय गरज होती?" आणि घडी न मोडता पिशवीत ठेवली. मुलींच्या हक्काचा महाराष्ट्राचा कायदा १९९४ ला झाला, देशाचा २००५ ला. कायदा कागदावर येतो, पण कचेरीतल्या बाकापर्यंत यायला त्याला फार वेळ लागतो. मी कुणाला दोष देत नाही. तुम्ही दोघा भावांनी वीत वीत परत केली, पण आत्याचा भाग कुणाच्याच दोरीत आला नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

म्हणून माझं उत्तर लिहिते. दादाला वाचून दाखवा, माझी हरकत नाही.

मी हक्कसोड करणार नाही. आणि मला तुकडाही नको. आपलं रान दोन एकर दहा गुंठे. तुम्ही, आई, दादा आणि मी असे चार भाग पाडले तर साडेबावीस गुंठे येतात एकेकाला. त्यात हळद लावायची का मेथीची जुडी? तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून उगाच नाही. सातबाऱ्यावर चौघांची नावं राहू द्या, क्षेत्र सामाईक. आत्ता दादा करतोय तर दादानंच करावं. मी त्याच्याकडे अर्धेली मागणार नाही, मला शेठही व्हायचं नाही आणि त्याला मजूरही करायचं नाही. वर्षाला चार किलो हळद पाठवा, वाटलेली नको, हळकुंडंच. उद्या विकायची वेळ आली तर चौघांच्या सह्या लागतील, एवढंच मला हवं. आणि दादाला सांगा, वहिनीशी मी स्वतः बोलेन. तिच्या माहेरीही हाच कागद फिरतोय असं तिच्या बोलण्यात आलं होतं.

वकिलांना कळवताना 'शेअर' लिहू नका बाबा. वाटा लिहा. मला टोचत नाही.

आत्याकडे एकदा जाऊन या दोघं. काय बोलायचं ते मी सांगत नाही, पाचगणीला तुम्ही गेला होतात, मी नाही.

तुमची,
ठमी

ता. क. आई, तू सकाळी पाठवतेस त्या गुलाबाच्या फुलांपेक्षा तुझ्या गुडघ्याच्या एक्स-रेचा फोटो पाठव. दादानं सांगितलं मला.