शस्त्रक्रियेची फाइल सासरी पोहोचावी

महोदय,

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला आणि जन्मतः हृदयाला छिद्र असलेल्या अनेक मुलींच्या शस्त्रक्रिया मोफत झाल्या; त्यांपैकी काही जणी आता बाळंतपणाच्या वयात आल्या आहेत. कार्यक्रमाची मर्यादा मात्र 18 व्या वर्षी संपते.

छिद्र वेळेवर बंद झालेल्या बहुतेक जणींचे बाळंतपण सुखरूप होते, हे आधी सांगायला हवे. परंतु गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण 40 ते 50 टक्क्यांनी वाढते, प्रसूतीनंतर हृदयावरील भार पुन्हा झपाट्याने बदलतो, आणि फुप्फुसातील रक्तदाब फार वाढलेला असेल तर गर्भधारणाच जिवावर बेतू शकते. तरीही धाप आणि पायांवरची सूज ‘दिवस गेले की व्हायचेच’ म्हणून सोडून दिली जाते. आणि लग्न जमावे म्हणून छातीवरचा व्रण लपवणारी घरे शस्त्रक्रियेचे कागदही माहेरच्या ट्रंकेतच ठेवतात.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला होणाऱ्या गरोदर महिलांच्या तपासणीत ‘लहानपणी हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती का?’ हा प्रश्न प्रत्येकीला आवर्जून, आणि तोही सासूबाईंना बाहेर बसवून, विचारला जावा. उत्तर होकारार्थी असल्यास तिची इकोकार्डिओग्राफी (हृदयाची सोनोग्राफी) विनाविलंब व्हावी आणि प्रसूती कुठे करायची, हेही तेव्हाच ठरावे.

– एक वाचक, सातारा